कोरडी ठेवायची जागा

गेल्या वर्षी नवरात्रातल्या एका सकाळी, साडेसहाच्या सुमारास, चहाचा कप हातात असतानाच ओहायोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. तो गॅरेजमध्ये उभा होता आणि समोरच्या टेबलावर त्याचा क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचे शिकारीचे धनुष्य, आडवा ठेवलेला होता. फोन त्याने इतका जवळ नेला की मला आधी नुसती चमक दिसली. बाण ज्या लांब काळ्या पट्टीवरून सरकतो ती पट्टी, म्हणजे रेल, तेलाने निथळत होती. कडेने उतरलेले तेल मागे ट्रिगरच्या पेटीपर्यंत गेले होते, दोरीचा मधला भाग भिजून काळा पडला होता आणि खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर एक डाग सावकाश पसरत होता. "मामा, बघ, कसं मस्त तेल पाजलंय," तो म्हणाला. मी काही बोललो नाही तेव्हा त्याने विचारले, "जास्त झालं का? पण जास्त तेलानं काय बिघडणार आहे?"

कॉल लवकर संपला, कारण मला उत्तर द्यायला सवड हवी होती. पण तो प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागला. भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात उभी नोकरी काढल्यामुळे हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलेला आहे. नवा हेल्पर हातात ग्रीसगन घेतो आणि सीलमधून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत दाबत राहतो; त्याला वाटते, आपण यंत्राची सेवा केली. प्रत्यक्षात फिरत्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्श्याइतकेच ग्रीस असावे लागते. त्याहून जास्त झाले तर आतले रोलर ते घुसळत राहतात, बेअरिंग तापते, ग्रीसमधले तेल वेगळे होऊन वाहून जाते आणि मागे उरलेला साबणासारखा चोथा घट्ट होऊन बसतो. मग ब्रेकडाऊन झाल्यावर बेअरिंग उघडावे तर ते ग्रीसने गच्च भरलेले असते आणि तरीही कोरडे पडून मेलेले असते. उपाशी मेलेल्या बेअरिंगांपेक्षा अशी अती लाडाने मेलेली बेअरिंगे मी कमी पाहिलेली नाहीत. ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिल्यास त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील असा अहवाल दिला होता. आमच्या प्रशिक्षणाच्या वर्गात तो आकडा भिंतीवर लावलेला असे. त्या आकड्याकडे बघून सगळ्यांना वाटायचे की तेल वाढवायला सांगत आहेत.

भाच्याचे हत्यार मी त्याआधी एकदा ओहायोला गेलो असताना हातात घेतले होते. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवे दोन बाहू, बाहूंच्या टोकांना कॅम, म्हणजे दोरी गुंडाळणारी लहान चाके, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी. ती दोरी मागे ओढायला १७५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८० किलोचे बळ लागते. पुढच्या रिकिबीत पाऊल रोवून, कप्प्या लावलेल्या दोराने ओढले की ते निम्म्यावर येते आणि दोरी दोन्ही बाजूंनी सारखी येते, जे बळ वाचण्याहूनही महत्त्वाचे असते. चाप ओढला की दोरी सुमारे १४ इंच रेलला घासत पुढे जाते आणि बाणाला सेकंदाला ३५० फुटांच्या आसपास वेग देऊन मोकळी होते. त्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन हिशेब मांडला. सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा धरला तरी दोरीचा हा सगळा प्रवास सात मिलिसेकंदांच्या आत आटोपतो; पापणी लवायला याच्या दहापटीहून जास्त वेळ लागतो. ४०० ग्रेन, म्हणजे जेमतेम २६ ग्रॅम वजनाच्या बाणात तेवढ्या वेळात १५० ज्यूलच्या आसपास ऊर्जा भरली जाते. १५ किलोचा तेलाचा डबा मीटरभर वर उचलायला तेवढीच लागते. आणि हे सगळे दोरी रेलवर किंचित दाबून बसलेली असताना होते, कारण ती तशी दाबून बसली नाही तर बाणाच्या टाचेवरून वर उडून जाईल. तेव्हा घर्षण टाळता येत नाही. ते फक्त आवरता येते.

त्यासाठी तेलाचा एक थेंब पुरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच कॉल लावला आणि आधी त्याला सगळे पुसायला लावले. रेल कोरड्या सुती फडक्याने, दोरीचा मधला भाग टिपून, चोळायचा नाही. मग रेलवर खास त्यासाठी मिळणाऱ्या पातळ कृत्रिम तेलाचा एक थेंब, तो बोटाने शेवटपर्यंत इतका पसरायचा की पृष्ठभागावर ओल दिसू नये, बोटाला फक्त गुळगुळीतपणा कळावा. त्यापेक्षा जास्त जे काही असेल ते दोरी पहिल्याच फटक्यात पुढे ढकलते, काही उडवते आणि काही पिऊन घेते. प्यायलेले तेल धूळ धरते. किती बाणांनंतर पुन्हा लावायचे, यावर कंपन्यांचे एकमत नाही. कोणी दहाएक बाणांनंतर म्हणते, कोणी त्याच्या कितीतरी पटींनी. काही नव्या रचनांमध्ये बाण आणि दोरी रेलला टेकतच नाहीत, तिथे हा प्रश्नच उरत नाही. म्हणून मी त्याला म्हटले की, इंटरनेटवरचे ज्ञानी बाजूला ठेव आणि तुझ्या क्रॉसबोची पुस्तिका काढ. ती अर्थातच सापडत नव्हती. शेवटी ती ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यात निघाली.

दोरीचे शास्त्र त्याहून वेगळे आहे आणि तिथेच बहुतेक माणसे चुकतात. दोरीचा उघडा भाग, जिथे धागे नुसते पिळलेले दिसतात, त्याला मेण लागते. मधल्या भागाला, जिथे धाग्यांवर दुसरा बारीक धागा गच्च गुंडाळून चिलखत केलेले असते, त्याला मेण लावायचे नाही. त्या चिलखताला सर्व्हिंग म्हणतात. रेलला घासतो तो हाच भाग आणि ट्रिगरच्या पेटीत जाऊन अडकतोही हाच. त्याला लावलेले मेण दर वेळी थोडे थोडे पेटीत नेऊन सोडले जाते, तिथे साठते, थंडीत घट्ट होते आणि एके दिवशी दोरी आत पूर्ण बसेनाशी होते. उघड्या भागाला मात्र मेणाशिवाय जगता येत नाही. हे धागे पॉलिइथिलीनचेच, पण फार लांब रेणूंच्या जातीचे असतात. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट, पाण्यावर तरंगणारे, आणि तरी दीडशे अंशांच्या आसपासच वितळणारे. ते स्वतः पाणी पीत नाहीत, पण एकमेकांना घासून झिजतात, आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी व बारीक माती शिरते. मेण त्या फटी बुजवते. ते लावताना चिमटीत दोरी धरून बोटे भराभर पुढेमागे फिरवायची; मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे चिमटीच्या उबेने ते वितळत नाही, पण मऊ पडून आत उतरते. उरलेले वर दिसणारे मेण पुसून काढायचे. आपल्या शिवाजीनगरला गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. तिथून आणलेल्या मेणाचा एक तुकडा माझ्या हत्यारांच्या पेटीत कायम असतो, करवतीला आणि लाकडी स्क्रूंना लावायला. त्याचा वास घेतला की मला आग्या मोहोळाची आठवण येते, भीतीसकट. तो तुकडा मी भाच्याला कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला. तो म्हणाला, "माझं तर लिपस्टिकच्या नळीत येतं."

बाकीच्या गोष्टी पटापट झाल्या. कॅमच्या आसाला दोन्ही टोकांना हलक्या तेलाचा एकेक थेंब. बाहूंवरून कापसाचा बोळा फिरवायचा. फायबरग्लासला कुठे तडा गेला असेल, एखादी कूस उभी असेल, तर कापूस तिथे अडकतो, आणि कापूस अडकला तर त्या दिवशी ते हत्यार खुंटीला टांगायचे. स्क्रू तपासायचे, कारण प्रत्येक बाणाचा धक्का त्यांना किंचित सैल करतो. आपल्याकडे घराघरांत असणारे डब्ल्यूडी-फॉर्टी दोरीच्या आसपासही आणायचे नाही. ते मुळात ओल हटवण्यासाठी केलेले द्रावण आहे. गंजलेल्या कडीला ते उत्तम, पण दोरीतले मेण धुऊन काढायलाही ते तितकेच उत्तम. आणि बाण न लावता चाप कधीही ओढायचा नाही. बाण नसेल तर ते १५० ज्यूल कुठे जाणार? बाहूंत, कॅममध्ये आणि दोरीतच परत. मग चिरफळ्या उडतात. शिकारीहून परत येताना चढवलेली दोरी उतरवायची असेल तरीसुद्धा बोथट टोकाचा एक बाण मऊ जमिनीत किंवा लक्ष्यात सोडावा लागतो. हे त्याला माहीत होते. नसते तर मी फोन त्याच्या बायकोकडे द्यायला सांगणार होतो.

तेल कुठे घालायचे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. कुठे घालायचे नाही, हे मला शाळकरी वयात सदाशिव पेठेतल्या एका सायकलवाल्याने शिकवले. त्या काळी पुण्यात घरटी सायकल असायची आणि दिवाळीच्या सुट्टीत ती ओव्हरहॉलिंगला टाकायची पद्धत होती. तो माणूस सगळे छर्रे काढून रॉकेलच्या थाळीत टाकायचा, बोटांनी एकेक चोळायचा, फडक्यावर पसरायचा आणि मग कोनमध्ये ग्रीस भरताना मात्र असा हात आखडायचा की माझ्यासारख्या पोराला तो चिक्कू वाटावा. एकदा मी घरी शिलाई मशीनची तेलाची कुपी उलटी करून साखळीला आणि मागच्या चाकाला तेल घातले आणि दुकानापुढून ऐटीत गेलो. त्याने हाक मारून थांबवले, रिमवरून बोट फिरवले, ते माझ्या डोळ्यांपुढे धरले आणि म्हणाला, "आता लकडी पुलाच्या उताराला ब्रेक कोण लावणार, तुझा आजा?" मग त्याने फडक्याने रिम कोरडी केली, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याच्या दुकानात तेल कोपऱ्यात एका लहान डब्यात असे आणि फडकी पोतेभर. पुढे कारखान्यात बनियन वेस्टचे, म्हणजे पुसायच्या चिंध्यांचे, गठ्ठे बघितले तेव्हा मला हे प्रमाण बरोबर वाटले.

ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, हे सगळे बोलणे ऐकू येत होते, कारण त्या दिवसांत ती माझ्याकडेच राहायला आली होती. ती आयुष्यात अंड्यालाही शिवलेली नाही. मुलगा हरणे मारतो ही गोष्ट तिने पहिल्या वर्षी कुणालाच सांगितली नाही, दुसऱ्या वर्षी फक्त मला सांगितली आणि नंतर तो विषय घरातल्या एखाद्या दुखण्यासारखा अंगवळणी पडला. ओहायोला गेली की ती फ्रीझरचा खालचा खण उघडत नाही. त्यात काय आहे ते तिला ठाऊक असते. पण त्या सकाळी ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि स्क्रीनमध्ये बघून लेकाला म्हणाली, "उद्या खंडेनवमी आहे. हत्यार आहे ना ते? मग स्वच्छ पुसून फूल वाहा त्याला. झेंडू नसेल मिळत तर जे असेल ते." मी तिच्याकडे बघितले, तर ती म्हणाली, "पूजा हत्याराची असते. त्यानं काय केलं त्याची नसते." मला हे पटले की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. आमच्या कारखान्यात दसऱ्याला सुट्टी असल्यामुळे पूजा नवमीलाच व्हायची. प्रेसपासून पान्यांपर्यंत सगळे धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून, कुंकू लावून मांडलेले असायचे, आणि वर्षभर ज्या यंत्राला शिव्या घातल्या त्यालाही फूल मिळायचे. त्या दिवशी कुणी विचारत नसे की हा प्रेस कशाचे भाग काढतो.

माझी अडचण वेगळी होती. मी इतका वेळ ज्या आनंदाने बोलत होतो, तो आनंद संध्याकाळी मला खुपायला लागला. एका जनावराचा जीव बिनबोभाट जावा यासाठी लागणाऱ्या थेंबाथेंबाचा हिशेब मी मांडला होता, आणि तो मांडताना मला अतिशय मजा आली होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. माझ्या पिढीच्या पुणेकराला शिकार ही फक्त जुन्या वाड्यांतल्या भिंतीवरच्या शिंगांतून माहीत. मी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे पाहायला जातो. सकाळच्या उन्हात ती हरणे खुरट्या गवतातून दोन-चार उड्या मारतात, थांबतात, मान वळवून बघतात; मी दुर्बीण खाली ठेवत नाही. एकदा असेच बघत असताना डोक्यात नकळत आकडा आला की, हे अंतर ३५ यार्ड असावे, म्हणजे भाच्याच्या हत्याराच्या टप्प्यात. मी दुर्बीण पुसायच्या निमित्ताने काढून घेतली.

त्याच्याशी यावरून माझा वाद झालेला आहे, पण तो वाद तो हरत नाही. ओहायोत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्यासाठी परवाना लागतो, किती हरणे मारायची त्याला मर्यादा असते, मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद करावी लागते. लांडगे तिथून केव्हाच नाहीसे झाले, हरणे मात्र वाढली, आणि रात्री हमरस्त्यावर गाड्यांपुढे येऊन मरतात. तो जे मारतो ते खातो. मी बाजारातले चिकन खातो आणि ते कोणी, कसे मारले हे विचारत नाही. इथपर्यंत आलो की मी गप्प बसतो. ख्रिस्ती धर्मपीठाने ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेत या हत्याराचा ख्रिस्ती माणसांविरुद्ध वापर निषिद्ध ठरवला होता, हे मी त्याला एकदा सांगितले. तो म्हणाला, "हरणांचं काही म्हटलं नव्हतं ना?" नव्हते म्हटले. युरोपातल्या राजांनीही ते ऐकले नाही.

मला शेवटी जे मान्य करावे लागले ते याच्या अलीकडचे आहे. बाणाने हरीण धक्क्याने मरत नाही, रक्त जाऊन मरते. पाते फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेले तर काही सेकंदांत कोसळते, चार बोटे मागे लागले तर जखमी होऊन रानात शिरते आणि तासन् तास मरत राहते. दोरी एका बाजूने ओली आणि दुसऱ्या बाजूने कोरडी असली, सर्व्हिंग सैल होऊन नॉक, म्हणजे बाणाची टाच, दर वेळी वेगळ्या जागी बसत असला, तर ते चार बोटांचे अंतर तिथूनच येते. हंगामात तो झाडावरच्या मचाणावर बसणारच आहे, हे ठरलेले असताना त्याची दोरी बिघडलेली असावी असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? नोव्हेंबरात त्याचा संदेश आला: एक बाण, हरीण नजरेसमोर पडले, शोधत जावे लागले नाही. फोटो त्याने पाठवला नाही, मी मागितला नाही. मी फक्त विचारले, "दोरी कशी आहे?" हे विचारणे मलाच थोडे विचित्र वाटले, पण त्याला वाटले नाही. त्याने दोरीचा फोटो लगेच पाठवला.

फोटोत काही कळत नव्हते. हंगाम संपल्यावर त्याने दुकानातून नवी दोरी बसवून घेतली तेव्हा मी त्याला जुनी टाकू नकोस म्हटले, आणि उन्हाळ्यात तिकडे गेलेली ताई गणपतीच्या आधी परत आली तेव्हा तिच्या बॅगेतून, लेकाने दिलेल्या बदामांच्या पाकिटांखालून, एका पिशवीत गुंडाळलेली ती दोरी निघाली. मी ती पांढऱ्या कागदावर पसरली आणि घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावले. मधल्या सर्व्हिंगचा वरचा भाग अजून शाबूत होता. गुंडाळलेल्या धाग्याची वळणे शेजारी शेजारी, गोल, एका मापाची. दोरी उलटी केली आणि वळणे नाहीशी झाली. खालचा, रेलला घासणारा भाग चपटा होऊन आरशासारखा गुळगुळीत झाला होता, त्यात जागोजाग धाग्याची तुटकी टोके उभी होती, आणि त्या टोकांच्या मुळाशी काजळासारखा काळा लेप बसला होता. कागदावर जरा दाबून ओढले की राखाडी रेघ उमटत होती. त्यात मेण होते, जास्तीचे तेल होते आणि त्या दोघांनी मिळून धरून ठेवलेली माती होती. लोकांना वाटते, रेल धातूची आणि दोरी धाग्याची, मग धूळ रेलला ओरखडेल. पण बहुतेक रेल ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिच्यावरचा थर ॲल्युमिनियम ऑक्साईडचा, म्हणजे ज्या द्रव्यापासून ग्राइंडिंगची चाके करतात त्याच जातीचा. तो सहजी झिजत नाही. झिजायचे ते दोरीनेच झिजायचे असते, आणि मधे मातीचा लेप असला तर लवकर.

कॅमजवळ उलटा प्रकार होता. तिथे धागे मोकळे, फुगलेले, लव आलेले. बोटांनी मेण चोळताना माणूस मधे मन लावून चोळतो आणि टोकाकडे जाता जाता कंटाळतो. जिथे नको तिथे सगळे आणि जिथे हवे तिथे काहीच नाही. मी तो कागद आणि दोरी दोन्ही ठेवून दिले आहे. बायको विचारत होती की हे कशासाठी, तर कशासाठीच नाही.

याच दोरीची चुलत बहीण पुण्यात रोज सकाळी ताणली जाते, याकडे माझे लक्ष त्यानंतर गेले. आपल्याकडे तिरंदाजीचे वेड अलीकडे वाढले आहे आणि त्याला कारणही आहे: फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव इथल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधून टोकिओ ऑलिंपिकपर्यंत गेला, आणि २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंड, म्हणजे कॅम लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात विश्वविजेते झाले. आमच्या सोसायटीतली एक मुलगी कंपाउंड धनुष्य शिकते. तिची पेटी बघायला मी मुद्दाम गेलो. तेच कॅम, त्याच जातीचे धागे, मेणाची तशीच नळी, आणि तेल मात्र कुठेच नाही. तिने विचारले, "काका, तेल कशाला लागेल?" खरेच होते. हातातल्या धनुष्याची दोरी हवेतून जाते, तिला खाली टेकायला काही नसते. बाणही नुसत्या एका टेकूवरून सुटतो. दोरीला रेलवर दाबून सरळ रेषेत नेण्याची सोय क्रॉसबोने करून घेतली आणि त्या सोयीचे भाडे म्हणून प्रत्येक बाणाला झीज भरायची. त्या मुलीला जे स्थिर ठेवायला वर्षानुवर्षे खांदा आणि पाठ घडवावी लागते ते इथे पट्टीने आयते दिले आहे. एवढ्या बदल्यात रोज एक थेंब आणि एक फडके ही मागणी मला वाजवी वाटते.

या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी भाच्याचा कॉल आला तेव्हा रेल कोरडी होती. बोट फिरवून त्याने मला ते बोट दाखवले. नवी दोरी टोकापर्यंत मेणवलेली होती. तक्रार ट्रिगरची होती: दोरी मागे ओढून आणल्यावर खटका पूर्वीसारखा स्वच्छ वाजत नव्हता, कधी कधी दुसऱ्यांदा ओढावी लागत होती. मला कारण कळायला वेळ लागला नाही. आदल्या वर्षीचे ते सगळे मेण आणि तेल पेटीतच गेलेले होते आणि हिवाळाभर तिथे बसले होते. त्याने ॲलन-कीचा संच आणून ठेवला होता आणि मामा सांगेल तसे उघडायचे अशा तयारीत उभा होता. नोकरीत मी न उघडलेली पेटी विरळा. गिअरबॉक्स असो की हायड्रॉलिक वाल्व, आधी उघडायचे आणि मग विचार करायचा, हा आमचा खाक्या. पण हिच्यात पोलादाचे दोन घासून गुळगुळीत केलेले कंगोरे एकमेकांत जरासे अडकलेले असतात आणि ते ८० किलो तेवढ्यावर थोपलेले असतात. तो कंगोरा चुकून थोडा गोल झाला, स्प्रिंग उलटी बसली, तर चापावर बोट नसतानाही बाण सुटू शकतो, आणि तेव्हा समोर हरीणच असेल असे नाही. मी त्याला किल्ल्या परत खोक्यात ठेवायला लावल्या आणि क्रॉसबो दुकानात द्यायला सांगितले. तो जरा हिरमुसला.

आठवड्याने त्याने दुकानाच्या बिलाचा फोटो पाठवला. मजुरीच्या रकमेखाली कारागिराने हाताने एक ओळ लिहिली होती, तिचा अर्थ असा होता की पेटीतले मेण काढले, चाप तपासला, भाग सगळे चांगले आहेत. मी ते ताईला वाचून दाखवले. तिने चष्मा लावून आधी रक्कम बघितली, मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत इथं अख्ख्या आळीतल्या सायकली ओव्हरहॉल झाल्या असत्या."